घरचें किती व उसनें किती? : संगणकाच्या कामांतील एक धडा

जुन्नर व आंबेगांव ह्या दोन तालुक्यांतील शेतकऱ्याला पाण्याचा हिशेब कोणी शिकवावा लागत नाहीं. ज्याच्या शेतांत विहीर आहे त्याला ती खणण्याचा, बांधण्याचा व मोटर दुरुस्त करण्याचा खर्च ठाऊक असतो. ज्याचें शेत कुकडी प्रकल्पाच्या पाटाखालीं आहे त्याला आवर्तन केव्हां सुटेल ह्याची वाट पाहावी लागते. येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे ह्या पांच धरणांचें पाणी कोणा एका शेतकऱ्याला स्वतःच्या बळावर अडवितां आलें नसतें. म्हणून पाट हवा. परंतु पाट बंद असेल त्या आठवड्यांत रोपें जगवावयाचीं तर विहीरहि हवी. शहाणा शेतकरी विहीर बरी कीं पाट बरा असा वाद घालीत बसत नाहीं. कोणत्या पिकासाठीं, कोणत्या महिन्यांत, कोणावर किती विसंबावें हें तो ठरवितो.

संगणकाचे प्रोग्राम लिहिणारांपुढें हाच प्रश्न रोज उभा असतो. कामाचा कोणता भाग स्वतः लिहावा व कोणता दुसऱ्यानें लिहिलेला तयार घ्यावा? आमच्या वरच्या वर्गांतील मुलेंमुली आतां लहानसहान प्रोग्राम लिहूं लागलीं आहेत. त्यांच्या एका चुकीमुळें, व खरें म्हणजे आमच्याच एका चुकीमुळें, ह्या प्रश्नाकडे आमचें लक्ष गेलें. म्हणून हा धडा.

लायब्ररी म्हणजे काय?

प्रोग्राम म्हणजे संगणकाला क्रमानें दिलेल्या आज्ञांची यादी. त्यांतील पुष्कळ कामें सर्वांनाच लागतात. तारीख वाचणें, आलेख काढणें, मजकूर गुप्त करून पाठविणें हीं तशीं कामें होत. कोणीतरी असें एखादें काम नीट लिहून, तपासून, इतरांस वापरावयास देतो. अशा तयार आज्ञांच्या संग्रहाला संगणकाच्या व्यवसायांत 'लायब्ररी' म्हणतात. कांहीं संग्रह प्रोग्राम लिहिण्याच्या भाषेबरोबरच येतात. ते घरच्या भांड्यांप्रमाणें होत. बाकीचे बाहेरून आणावे लागतात. प्रस्तुत लेखांत विचार करावयाचा आहे तो ह्या बाहेरच्यांचा.

शाळेच्या लायब्ररींतून आणलेलें पुस्तक वाचून परत करतां येतें. ही लायब्ररी मात्र एकदां आपल्या प्रोग्रामांत घेतली म्हणजे त्याचा अवयवच होऊन बसते. तिच्यांत दोष असला तर तो आपला दोष होतो. ती बदलली तर आपणांस बदलावें लागतें. शिवाय तिची स्वतःचीहि उसनवारी असते. तिच्या पोटांत दुसऱ्या लायब्रऱ्या व त्यांच्या पोटांत तिसऱ्या दडलेल्या असतात.

आमची चूक

शाळेच्या आवारांत एक पर्जन्यमापक आहे. रोज सकाळीं साडेआठ वाजतां मुलें त्यांतील पाणी मोजतात, आंकडा वहींत लिहितात व संगणकांत भरतात. जूनमध्यें शाळा उघडल्यावर चार विद्यार्थ्यांनीं मिळून एक प्रोग्राम लिहिला. गेल्या सात दिवसांत एकूण किती पाऊस झाला हें तो सांगे, व तो आंकडा फाटकाजवळच्या फलकावर लागे. तारखा वाचण्याचें काम त्यांनीं एका बाहेरच्या लायब्ररीवर सोंपविलें. आम्हीं १६ जूनपासून ३० जूनपर्यंत प्रोग्राम तपासला. सर्व बेरजा बरोबर आल्या. आम्हीं शाबासकी दिली व निर्धास्त झालों.

८ जुलैला फलकावर सात दिवसांचा पाऊस ९ मिलिमीटर लागला. त्या दिवशीं दुपारीं एक पालक शाळेत आले. ते राहावयास घोड नदीच्या खोऱ्यांत, पण शाळेजवळ त्यांनीं टोमॅटोसाठीं खंडानें शेत घेतलेलें. मुलगी रोज संध्याकाळीं फलकावरचा आंकडा घरीं सांगे, व त्यावरून ते रानांत मजूर केव्हां आणावयाचे तें ठरवीत. आदल्या संध्याकाळींहि तिनें थोडाच पाऊस सांगितला होता. म्हणून सकाळीं ते टेंपो भरून मजूर घेऊन आले. रानांत घोट्यापर्यंत चिखल. दिवसाची मजुरी व टेंपोचें भाडें फुकट गेलें. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "सर, पोरीनें सांगितलें म्हणून मीं माणसें आणलीं. तिचा आंकडा चुकणार नाहीं असें मला वाटत होतें." मुलगी दाराशीं उभी होती. प्रोग्राम लिहिणाऱ्या चौघांत ती एक होती.

वही काढून हातानें बेरीज केली, ती ११२ मिलिमीटर आली. मग शोध सुरू झाला. आपण ०२/०७ लिहितों तेव्हां २ जुलै म्हणतों. अमेरिकेंत आधीं महिना लिहितात, म्हणून तेथें त्याचा अर्थ ७ फेब्रुवारी. ती लायब्ररी अमेरिकन रीत प्रथम धरीत असे. १६/०६ ही तारीख तिच्यापुढें आली म्हणजे सोळावा महिना नसल्यामुळें ती निमूटपणें आपल्या रीतीवर येई. म्हणून जूनमधील आमची सारी तपासणी खोटी ठरली. जुलैची पहिली तारीख उजाडतांच गोंधळ सुरू झाला. २ ते ८ जुलैपैकीं दोन्ही रीतींनीं जिचा अर्थ एकच होतो अशी ०७/०७ ही एकच तारीख बरोबर वाचली गेली. फलकावरचे ९ मिलिमीटर त्या एका दिवसाचे होते.

लायब्ररीचा दोष होता काय? नाहीं. दिवस आधीं धरावा असें तिला सांगण्याची सोय होती, व ती माहितीपत्रकांत लिहिलेली होती. आम्हीं तें पत्रक वाचलें नव्हतें. दुसऱ्याचें काम घेतलें म्हणजे तें समजून घेण्याचें कामहि संपलें, असें आम्हीं मानलें. ही ह्या विषयांतील पहिली व सर्वांत साधी चूक होय.

खोडदचा दाखला

आतां एक मोठें उदाहरण घेऊं, व तें आपल्याच तालुक्यांतील आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. लोक तिला जी.एम.आर.टी. म्हणतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकीं १४ मध्यभागीं सुमारें एक चौरस किलोमीटरांत व १६ इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन शाखांवर, सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरलेल्या. आपणांपैकीं पुष्कळांनीं त्या एस.टी.च्या खिडकींतून पाहिल्या असतील.

ह्या कार्याचे प्रणेते गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) ह्यांच्या चरित्रांत घरचें व उसनें ह्यांचा मेळ प्रथमपासून दिसतो. १९६५ सालीं मुंबईजवळ कल्याण येथें त्यांनीं जी पहिली रेडिओ दुर्बीण उभारली, तिच्या सहा फुटी ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियाहून भेट म्हणून आलेल्या होत्या. आरंभ करावयाचा होता. उसन्या तबकड्यांनीं तो लवकर झाला. पण खोडदच्या वेळीं तसें चालण्याजोगें नव्हतें. ४५ मीटरांच्या तीस तबकड्या परदेशी नमुन्याप्रमाणें बांधावयाच्या तर खर्च झेपला नसता. म्हणून दोरांच्या आधारावर ताणलेली पोलादी तारांची हलकी जाळी हा नवा आराखडा येथें तयार झाला. वारा जाळींतून निघून जातो, वजन कमी होतें व खर्च उतरतो. जो भाग ह्या दुर्बिणीचा प्राण, व जो बाहेर कोणापाशीं तयार नव्हता, तो त्यांनीं स्वतः घडविला.

आतां तिच्या संगणकाकडे वळूं. तीस तबकड्यांच्या जोड्या किती होतात हें तुम्ही गणितांत शिकलां आहां. ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. प्रत्येक जोडीच्या संकेतांची अखंड तुलना करीत राहावें लागतें. आरंभीं हें काम त्यासाठींच जुळविलेलीं खास यंत्रें करीत. पुढें तेथील मंडळींनीं बाजारांत मिळणारे ४८ संगणक जोडून तेंच काम प्रोग्रामाच्या साह्यानें करून दाखविलें. त्याचें वर्णन २०१० सालीं प्रसिद्ध झालें. संगणक बाजारचे, त्यांवरील लिनक्स ही कार्यप्रणाली जगाची. पण तीस तबकड्यांचे संकेत क्षणभरहि न थांबतां जुळविणारा प्रोग्राम त्यांचा स्वतःचा. नंतर दुर्बिणीची सुधारणा झाली व ती एका वेळीं ३२ मेगाहर्ट्झऐवजीं ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा पाहूं लागली. तेव्हां कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें आरंभ झालेल्या एका सहकारी गटाच्या आराखड्याचे विद्युत्-फलक व एन्व्हिडिया कंपनीचीं गणनयंत्रें घेण्यांत आलीं. जगांतील अनेक वेधशाळांना जें सारखेंच लागतें तें पुन्हां घरीं घडविण्यांत त्यांनीं वर्षें घालविलीं नाहींत.

पण एक गोष्ट मात्र बाहेरून आणतां येण्यासारखी नव्हती. विजेच्या तारांवर ठिणग्या उडाल्या म्हणजे त्यांचा रेडिओ-गोंगाट आकाशांतील क्षीण संकेतांत मिसळतो. हा गोंगाट ओळखून तत्क्षणीं गाळणारी योजना खोडदच्या अभियंत्यांनीं स्वतः रचली. आपल्या तारांचें दुखणें आपणांसच ठाऊक.

उसन्याचें मोलहि त्यांस द्यावें लागतें. दुर्बिणीनें टिपलेल्या माहितीचें चित्र करण्यासाठीं अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेचें 'कासा' हें सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्या आधारें ह्या केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं 'कॅप्चर' नांवाचा प्रोग्राम लिहिला. पायथॉन भाषेच्या दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० ला बंद झाली. 'कासा' तिसऱ्या पिढीवर गेलें. व त्यापाठोपाठ 'कॅप्चर'चीहि निराळी आवृत्ति करावी लागली. त्यांच्या कामांत कांहीं चूक नव्हती. पाटाची वेळ बदलली म्हणजे ज्याचें शेत पाटाखालीं त्याला रात्रीं उठावेंच लागतें.

उसन्याचे धोके

२२ मार्च २०१६ रोजीं एका लेखकानें नांवाच्या वादावरून आपल्या अडीचशेंहून अधिक लहान लायब्रऱ्या सार्वजनिक कोठारांतून काढून घेतल्या. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नांवाची अवघ्या ११ ओळींची एक होती. शब्दाच्या डाव्या बाजूस रिकामी जागा भरावी एवढेंच तिचें काम. परंतु मोठमोठ्या प्रोग्रामांच्या पोटांतील उसनवारींत ती होती, त्यामुळें जगभर त्यांची जुळणी बंद पडली. कांहीं तासांतच ती परत ठेवण्यांत आली. अकरा ओळी ज्याला स्वतः लिहितां आल्या असत्या त्यानें त्या उसन्या कां घ्याव्या, हा प्रश्न तेव्हां अनेकांनीं स्वतःस विचारला.

डिसेंबर २०२१ मध्यें 'लॉग-फोर-जे' ह्या, नोंदी लिहिण्याच्या लायब्ररींत भयंकर भगदाड सांपडलें. ती इतक्या ठिकाणीं बसलेली होती कीं आपल्या घरांत ती आहे कीं नाहीं हेंच कित्येक संस्थांना ठाऊक नव्हतें. मार्च २०२४ मध्यें तर निराळाच प्रकार उघडकीस आला. 'एक्स-झेड' ह्या संग्रहाची देखभाल एकट्यानें वाहणाऱ्या थकलेल्या माणसाचा विश्वास संपादन करून कोणी परका तींत शिरला होता, व त्यानें गुप्त चोरवाट ठेविली होती. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला आपल्या संगणकावर सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, त्यानें मूळ शोधलें, व अनर्थ टळला.

घरच्याचे धोके

मग सर्वच स्वतः लिहावें काय? तसें केल्यास धोका कमी न होतां वाढतोच. आम्हांलाहि प्रथम वाटलें होतें कीं तारखा व वेळा ह्यांत काय कठीण आहे? पण भारताची वेळ ग्रिनिचहून साडेपांच तास पुढें. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ ते १९४५ ती आणखी एक तास पुढें नेली होती. मुंबई तर १९५५ पर्यंत स्वतःचीच वेळ पाळीत होती. सर्व देशांचे असले बदल स्वयंसेवकांनीं एका संग्रहांत जपून ठेविले आहेत. तें ज्ञान घरीं बसून कोणाला सुचणार?

आपली मराठी लिपीच पाहा. 'पूर्व' मधील र वर चढतो, 'क्रम' मधील खालीं उतरतो, 'कुऱ्हाड' मधील आडवा होतो. 'कि' मधील वेलांटी संगणकांत क-नंतर साठवितात, पण पडद्यावर क-च्या आधीं दिसावी लागते. हें जुळविण्याचें काम 'हार्फबझ' नांवाची लायब्ररी करते. अँड्रॉइड फोनांत व फायरफॉक्समध्यें तीच आहे. फलकावर चार मराठी शब्द हवेत म्हणून हें सारें पुन्हां लिहावयास बसणें म्हणजे भाकरीसाठीं जातें घडविण्यापासून आरंभ करणें होय.

गुप्तलेखनाचें कामहि तसेंच. एप्रिल २०१४ मध्यें 'ओपन-एसएसएल' ह्या लायब्ररींत 'हार्टब्लीड' नांवाचा मोठा दोष सांपडला. तरी त्याचा धडा प्रत्येकानें आपापलें गुप्तलेखन लिहावें असा घेतला गेला नाहीं. तसें झालें असतें तर एका उघड दोषाच्या जागीं हजारों लपलेले दोष निर्माण झाले असते. सामाईक वस्तूचा दोष एकदां दुरुस्त झाला म्हणजे सर्वांचा दुरुस्त होतो, हा तिचा मोठा गुण आहे.

पांच कसोट्या

ह्या सर्वांवरून आम्हीं वर्गांत पांच प्रश्न काढले. बाहेरची लायब्ररी घेण्यापूर्वीं ते क्रमानें विचारावे.

१. हा भाग आपल्या कामाचा गाभा आहे काय? गाभा असेल तर तो आपणांस पूर्ण समजला पाहिजे, व शक्य तर तो स्वतः लिहावा.

२. हा भाग किती कठीण आहे, व लायब्ररीचा किती अंश आपण वापरणार? अकरा ओळींचें काम असेल तर लिहून टाकावें. जेथें तज्ज्ञांचीं वर्षें खर्ची पडलीं आहेत तेथें नम्रपणें त्यांचेंच घ्यावें.

३. तिची देखभाल कोण करतें? किती माणसें आहेत, दोष कळविल्यास उत्तर येतें काय, वापराची परवानगी कोणत्या अटीवर आहे, व तिच्या पोटांत आणखी किती लायब्रऱ्या आहेत?

४. ती उद्यां नाहींशी झाली तर? तिची जी आवृत्ति तपासली तीच नोंदवून ठेवावी व तिची प्रत जवळ ठेवावी. तसेंच प्रोग्रामांत तिला शंभर ठिकाणीं हांक मारूं नये. शेतांत पाणी एका दारानें घ्यावें म्हणजे पाट बंद झाल्यास तेंच दार विहिरीकडे वळवितां येतें.

५. ती बरोबर चालते हें आपण स्वतः कसें पडताळणार? ज्या तारखा सोयीच्या त्याच न तपासतां अडचणीच्या तारखा मुद्दाम तपासाव्या.

चौथ्या प्रश्नासंबंधीं एक खबरदारी सांगणें अवश्य आहे. नोंदविलेली आवृत्ति कायमची धरून बसूं नये. तिच्यांत दोष सांपडल्याची बातमी आली कीं नवी आवृत्ति तपासून घ्यावी. आवृत्ति आपण ठरवून बदलावी. ती आपोआप बदलूं देऊं नये.

फलकाचा निवाडा

चौघांनीं ह्या कसोट्या आपल्या प्रोग्रामाला लाविल्या. पावसाची बेरीज हा कामाचा गाभा, व तो चार ओळींचा. तो घरींच राहिला. तारखेसाठीं बाहेरची लायब्ररी काढून टाकली. भाषेबरोबर येणाऱ्या साधनांत आधीं दिवस, मग महिना, मग वर्ष असें स्पष्ट सांगतां येतें व त्या क्रमांत न बसणारी तारीख आल्यास तें थांबून तक्रार करतें. तें पुरेसें होतें. साठवितांना तारीख वर्ष, महिना, दिवस ह्या क्रमानें लिहावी असें ठरलें, म्हणजे गैरसमजास जागाच उरत नाहीं. आलेख काढण्याचें काम मोठें व कामाचा गाभा नव्हे. तेथें बाहेरची नामांकित लायब्ररी आवृत्ति नोंदवून ठेविली. आणि दर शनिवारीं एकानें वहीवरून हातानें बेरीज करून फलकाशीं ताडून पाहावी असा नियम झाला. हा शेवटचा नियम त्या मुलीनें सुचविला. पहिल्या शनिवारीं बेरीज करावयास तीच बसली, व आंकडा जुळल्यावर तिनें वहींत खालीं सही केली.

पालकांसहि आमची एक विनंती आहे. आपलीं मुलें संगणकावरून एखादा आंकडा सांगूं लागलीं तर त्यावर अविश्वास दाखवूं नये. पण 'हें तूं कशावरून सांगतोस?' एवढें अवश्य विचारावें. त्या पालकांनीं आमच्या शाळेंत येऊन तो प्रश्न विचारला, म्हणून आम्हांला ही चूक कळली. त्यांचा तो दिवस वायां गेला ह्याचें आम्हांस वाईट वाटतें. ते अजून फलक पाहतात.

उसनें घेण्यांत कमीपणा नाहीं, व स्वतः करण्यांत नेहमींच थोरवी आहे असेंहि नाहीं. परंतु आपल्या नांवानें जें बाहेर जातें त्याचा जबाब आपणच द्यावयाचा असतो, मग त्यांतील ओळी कोणीहि लिहिलेल्या असोत.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ०१/०८ पासून १२/०८ पर्यंतच्या तारखांपैकीं दिवस आधीं व महिना आधीं अशा दोन्ही रीतींनीं ज्यांचा अर्थ एकच होतो अशा तारखा किती? त्या कोणत्या?

२. दुर्बिणीच्या तबकड्या ३० ऐवजीं १४ असत्या तर जोड्या किती झाल्या असत्या?

३. आपल्या घरीं रोज लागणाऱ्या पांच वस्तूंची यादी करा. कोणती घरीं करतां, कोणती बाहेरून आणतां, व कां? प्रत्येकीस वरील पांच कसोट्या लावून पाहा.